बुटाची नाडी

वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी "कसे आहात?" विचारलं आणि माजी सैनिकाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "एकदम फिट, साहेब." याच उत्तरानं मागच्या वर्षी त्याची अपंगत्वाची पेन्शन हुकली होती. शेजारी बसलेल्या बायकोनं कपाळाला हात लावला. मोडलेला मणका, सुटलेली नोकरी, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, सगळं फायलीत होतं. पण डॉक्टर त्याच्या चकचकीत बुटांकडे बघत होते. "बूट स्वतःच घालता?" "हो, साहेब." खुर्चीत त्याची चुळबुळ चालली होती. बायको उठली, त्याच्या पायाशी बसली आणि सकाळी रोजच्यासारखी आपणच बांधलेली बुटाची नाडी तिनं ओढून सोडली. "अहो, बांधा बघू." तो वाकायला गेला, अर्ध्यावर अडकला. घाम फुटला. नाडी वीतभर लांब राहिली. "डॉक्टर," तो पहिल्यांदाच 'साहेब' न म्हणता बोलला, "नाही जमत मला."