कोरा मंगळ

अंबादासनं दुर्बिणीला डोळा लावला. मंगळ होता. पण नुसताच पिवळट, फडक्यानं पुसून काढल्यासारखा. त्याच्यावरचे काळे डाग, कडेची बर्फाची पांढरी टोपी, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यानं फोकस पुढं केला, मागं केला. डोळा चोळून परत बघितलं. तेच.

झालं. आता संशय उरला नाही. डावा डोळा काचबिंदूनं कधीच नेला होता. थोरल्या भावाचे तर दोन्ही गेले. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवलेल्या माणसाकडं आता हा उजवा तेवढा होता, आणि तोही निघाला.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीशी हंबीरराव आपली पाळी उरकून पाठ करून बसला होता. उचगावचा हंबीरराव, शाळेपासूनचा दोस्त. सांजच्या धारा काढायच्या, डेअरीत दूध घालायचं आणि थेट राजारामपुरीत अंबादासची गच्ची गाठायची. या दुर्बिणीचा आरसा दोघांनी हातानं घासला होता, पिंपावर काच ठेवून त्याभोवती फेऱ्या मारून मारून. त्या थंडीत दोघांच्याही बायकांनी कपाळाला हात लावला होता.

तेव्हापासूनचा ठराव एकच. एक बघत असताना दुसऱ्यानं पाठ करायची. दिसेल ते कागदावरच्या गोलात काढायचं आणि शेवटी पत्त्यासारखे दोन्ही कागद एकदम उलटायचे. ठराव हंबीररावचाच. जुन्या काळी भल्याभल्यांनी दुर्बिणीतून मंगळावर कालवे बघितले, त्यांचे नकाशे छापले आणि पुढं कळलं की तिथं कालवे नव्हतेच. हे ऐकून तो म्हणाला होता, "आपुन न्हाय त्ये काडायचं न्हाय. हितं पाटाच्या पाण्यावरनं भांडणं काय कमी हायत?"

अंबादासनं पेन्सिल उचलली. मंगळाचे डाग त्याला झोपेतही काढता आले असते. मागच्या रविवारी त्यानं तेच केलं होतं. दिसत काही नव्हतं, तरी पाठ असलेलं चित्र काढून मोकळा झाला. आणि कागद उलटले तर हंबीररावच्या गोलात डाग, टोपी, सगळं जागच्या जागी. त्याला दिसलं, आपल्याला नाही. म्हणजे गेला तो आपलाच डोळा. तो आठवडा अंबादासला अन्न गोड लागलं नाही.

आज त्यानं पेन्सिल खाली ठेवली. खोटं तरी किती दिवस काढणार?

"हंबीर," तो म्हणाला, "उद्या टेम्पो घेऊन ये आणि ही दुर्बीण उचगावला ने."

हंबीरराव हळूहळू वळला. "मी काय करू न्हिऊन?" त्यानं आपला कागद पालथाच पुढं ठेवला. "कागद उलट की आधी."

दोघांनी कागद उलटले. लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात अंबादासनं बघितलं आणि तो बघतच राहिला. दोन्ही गोल कोरे होते.

मग अंबादासच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. दोन माणसांचे डोळे एकदम जात नाहीत. "धूळ!" तो ओरडला. मंगळावर मोठं वादळ उठलं की अख्खा ग्रह धुळीखाली झाकून जातो, हे दोघांनाही माहीत होतं. पण भीती मानगुटीवर बसली की शहाणपण कुठलं सुचतंय.

"वादळ हाय व्हय," हंबीरराव म्हणाला. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, डोळेही पुसले. "मी आठ दिस झालं झोपलो न्हाय मर्दा. डॉक्टरकडं नंबर लावून आलो. मागल्या ऐतवारी तुझ्या कागदावर समदं हुतं. म्हटलं, गेला आपलाच डोळा."

"आणि तुझ्या कागदावर होतं ते?"

हंबीररावनं मंगळाकडं बघितलं, मग अंबादासकडं.

"कालवंच काडलं की रं आपुन."