सात वेढे

टण्ण. दुपारच्या शांततेत अंगठी फरशीवर पडली आणि घरंगळत पलंगाखाली गेली. तिसऱ्यांदा.

"आई, आजीची अंगठी माझ्या बोटात राहतच नाही."

"बोट आहे की काडी?" म्हणत मी अंगठी पलंगाखालून काढली, लेकीला मांडीवर घेतलं आणि अंगठीला आतून दोरा गुंडाळू लागले. "मोठी झालीस की दोरा काढून टाकू हं."

गुंडाळता गुंडाळता राहवेना. "काल संग्रहालयात मी एक अंगठी साफ केली. तांब्याची, चार हजार वर्षांपूर्वीची. भिंगाखाली धरली, तर आत हिरव्या गंजात दोरा. अस्साच गुंडाळलेला. सात वेढे, वर गाठ."

"कुणी बांधला?"

"ती अंगठी घालणाऱ्या मुलीच्या आईने असेल. त्या लोकांची लिपी अजून कुणालाच वाचता येत नाही, बाळा. पण गाठ बघ, आपल्यासारखीच."

ती अंगठी कुठे सापडली, ते मात्र मी सांगितलं नाही. नोंदीत लिहिलं होतं: लहान मुलीचं थडगं, उजव्या हाताशी.

लेकीने अंगठी घालून हात जोरात झटकला. पडली नाही.

"आई, मग तिच्या आईने तो दोरा अजून का नाही काढला?"