पुन्हा चार

संगणकाच्या चाचणीत अकराव्या प्रश्नावर विणकरीण अडली.

तोवर सगळं सुतासारखं सरळ गेलं होतं. 'पुन्हा ४: तारा छाप.' किती तारे छापले जातील? तिने पाच लिहिले. बावीस वर्षं ती स्वेटरच्या हातमशीनवर नक्षीचा कागद वाचत आली होती. तिथे 'पुन्हा चार' म्हणजे एक ओळ घालून झाली, आता आणखी चार. असे दहा प्रश्न तिने फटाफट उरकले होते.

अकराव्याला नमुना दिला होता. 'पुन्हा ३: टाळी.' खाली टाळ्या तीनच.

तिने बोटांवर मोजल्या. तीनच.

चाचणी एकदाच देता येणार होती. जमली तर संगणकाचा पहिला वर्ग, संध्याकाळचा. नाहीतर आधी वर्षभर तयारीवर्ग, तोही सकाळी, ऐन कारखान्यातल्या पाळीच्या वेळेला. आणि हातमशीनी तर सहा महिन्यांत भंगारात निघायच्या होत्या. नव्या, संगणकावर चालणाऱ्या मशीनीवर बसायचं तर पहिल्या वर्गाचा दाखला आण, असं मुकादमाने बजावलं होतं.

"सर, मागचं पान उघडता येईल?"

पर्यवेक्षक तिच्या मुलीच्या वयाचा होता. "नाही, मावशी. पुढे गेलात की मागचं बंद."

"आमच्यात उसवता येतं हो. धागा ओढायचा, चुकलेल्या ओळीपर्यंत जायचं."

"इथे नाही येत."

उरलेले दहा तिने बरोबर सोडवले. एकही चुकला नाही. मग पडद्यावर अक्षरं उमटली: तयारीवर्ग, सकाळ.

दाराच्या काचेपलीकडे मुलगी उभी होती. महिनाभर रोज आईला शिकवणारी तीच. सकाळी म्हणाली होती, "आई, बोटं खूप झिजवलीस, आता जरा डोकं झिजव." ती हाताने विचारत होती, झालं का?

विणकरणीने तिकडे पाहिलंच नाही.

"सर, तुम्ही वर कुणाला तरी सांगा ना. मला येतंय हे सगळं. चूक एकच झाली. पुन्हा नऊ वेळा."

त्याने पडद्यावरच्या फुल्या बोटाने मोजल्या.

"नऊ कुठे, मावशी? दहा आहेत."

"मग मी दुसरं काय सांगतेय?"