जळकं ऑईल

नागराजनं शेवटची ट्रंक जीपमध्ये चढवली, तेवढ्यात जीपवाला परशू इंजिनातली ऑईल मोजायची काडी बघत म्हणाला, "थांब. उतरव ती."

"का ओ परशूअण्णा?"

"काडीला ऑईल लागंना."

जीपची ही दुसरी खेप होती. वनखात्यानं वाघांसाठी उठवलेली अणशीच्या जंगलातली त्यांची वाडी रामनगरच्या बाजूला नव्या जागी गेली होती. मागं राहिलं होतं ते नागराजचं एकच घर. पहाटे पहिल्या खेपेला त्याची बायको पूर्णिमा पुढं गेली, मांडीवर देव घेऊन. माणसांच्या आधी देव नव्या घरात पोचावेत म्हणून सगळ्यांनी मुहूर्त सांभाळला. नागराजच्या आईची, गिरजाबाईची, तोवर आंघोळही झाली नव्हती. आंघोळ करून देवापुढं दिवा लावल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासूनचा नेम. देव गेले आणि आईचा दिवा लावायचा राहिला, हे नागराजच्या ध्यानात आलं तेव्हा जीप ओढा ओलांडून गेलेली होती. परशू परतल्यावर गिरजाबाईनं त्याला चहा करून दिला, आपण घेतला नाही.

दिवेलागणीच्या आत तिला देवांपाशी पोचवायचं, एवढं एकच आता नागराजच्या मनात होतं.

परशू जीपखाली शिरला. वाटेतले दगड लागू नयेत म्हणून त्यानं इंजिनाखाली जाड लोखंडी पत्रा बसवून घेतला होता. बोल्ट सोडून पत्रा खाली घेतला, तर त्यात चिखल, पाला आणि ऑईल यांचा काळा लगदा साठलेला.

"ओढ्यातल्या दगडानं पत्रा वर दाबला," तो आतूनच म्हणाला. "ऑईलच्या चेंबरच्या नटाला लागलाय. सकाळपासनं गळतंय, पण समदं पत्र्यातच. खाली एक थेंब पडला असता तर मला कळलं असतं."

"तसंच चालंल काय रामनगरपातूर?"

"चालंल की. मधीच इंजिन जाम हुईल, आणि तू वाघाबरोबर जेवाय बसशील." परशू बाहेर आला. "नट बदलाय पायजे. ऱ्हायलेलं ऑईल सगळं काढल्याबिगर त्यो निघत न्हाई. नवा नट हाय माझ्यापाशी, ऑईलचा डबा बी हाय. दम धर जरा."

गिरजाबाई घरातून घमेलं घेऊन आली.

"अंगणात सांडू नको बाबा. आजच सारवलंय."

नागराजनं तिच्याकडं पाहिलं. "आज कशाला सारवलंस आये?"

ती खाली बसली आणि घमेलं हातानं जीपखाली सरकवलं. "हितं बरोबर हाय काय रे परशू?"

"जरा उजवीकडं, आक्का. हां, बस."

नट निघाला. गरम काळं ऑईल घमेल्यात पडू लागलं. धार आधी जाड होती, मग बारीक झाली, मग थेंब थेंब. तोवर परशूनं पत्रा दगडावर उपडा घालून हातोडीनं सरळ केला. ठोके दरीत जाऊन परत आले. पूर्वी असा आवाज झाला की शेजारच्या घरांची कुत्री भुंकत सुटायची. आता काही नाही.

"आक्का, ह्या पत्र्यात तुमच्या वाटंची निम्मी माती हाय बघा," परशू लगदा खरवडताना म्हणाला. "नव्या जागी न्यायची काय?"

गिरजाबाई थोडी हसली. "तिथं समदं सिमेंटचं. कशावर घालू ती?"

परशूनं नवा नट आवळला, घमेलं बाजूला ओढून ठेवलं, डब्यातलं ऑईल ओतलं, काडी पुसून पुसून दोनदा पाहिली. पत्रा जागेवर बसवला. जीप चालू केली. आवाज नीट आला. ऊन फणसाच्या बुंध्यावर उतरलं होतं.

"आये, चल."

ती अंगणात नव्हती. घमेलंही नव्हतं.

गिरजाबाई पडवीत होती. पदर खोचलेला, हातात फडकं. घमेल्यात बुडवायची, पिळायची, आणि खांबाच्या बुडाला जळकं ऑईल चोळायची. दर साली वैशाखात, पावसाच्या आधी, परशूच्याच जीपचं ऑईल मागून घेऊन ती हे करत आली होती. पहिला खांब काळा होऊन चकाकत होता.

"काय करतीस हे?"

"वाळवी लागती."

"आपण गेल्यावर पाडणार हाईत हे घर."

"पाडतील तवा पाडतील. तवर धड उभं ऱ्हायला नको?"

"उशीर हुतोय आये. दिवा चुकंल तुझा. सकाळपासनं पोटात पाण्याचा घोट न्हाई."

तिनं फडकं पुन्हा बुडवलं.

"देवाला ठाऊक हाय मी कुठं हाय ते."

परशूनं जीप बंद केली.

ती दाराशेजारच्या खांबापाशी आली. खालचा भाग झाला. वर, तुळईला खांब भिडतो तिथं, तिचा हात पोचेना. तिनं टाचा उचलल्या. ऑईल मनगटावरून बांगड्यांत उतरलं.

नव्या घरात पाऊल ठेवताना अंगावर असावा म्हणून घेतलेला कोरा सदरा नागराजनं अंगातून काढला, घडी न करता जीपच्या आरशावर अडकवला, आणि आईच्या हातातून फडकं घेतलं.