मी उठणार नाही

समीक्षाच्या शाळेत थोरामोठ्यांची वेशभूषा स्पर्धा होती. तिने अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकातली, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा न सोडणारी ती कृष्णवर्णीय बाई निवडली. वाक्य एकच होतं, 'मी उठणार नाही!' पण पोरगी ते असं म्हणायची, जणू पाहुण्यांकडे चहा नको म्हणतेय.

चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आलेली तिची आई आम्रपाली पीठ मळता मळता वैतागली. "अगं, जरा ठसक्यात म्हण की! असं मिळमिळीत बोलल्यावर कोण ऐकणार तुझं?"

"मग तूच म्हणून दाखव ना."

आम्रपालीने परात बाजूला सारली. "मी उठणार नाही!"

शेजारच्या केसरबाई लसूण सोलायचा टाकून काय झालं म्हणून दारात आल्या. समीक्षा आईकडे बघतच राहिली.

"आई, एवढा राग कुठून आणलास गं?"

आम्रपालीने परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"सकाळी कंपनीच्या बसमध्ये एक पर्मनंटवाला माझ्या सीटजवळ येऊन उभा राहिला," ती म्हणाली. "मी पडले कंत्राटी. उठले मुकाट."