मुदतवाढ

विजयसिंहांच्या तसबिरीला चंदनाचा हार घातला होता. संयोगिताबाई सभागृहाच्या दारातच थांबल्या. सकाळीच तर त्यांनी नवऱ्याचे ओठ ओल्या कापसानं पुसले होते. दवाखान्यातलं ते यंत्र तेव्हा रोजच्यासारखं श्वास घेत होतं. त्यांच्या वाटचा.

"अरे, तो हार! काढा तो आधी!" कुलसचिव गणपतराव हातातला कप सांभाळत धावले. चहा बशीत सांडला, बशीतून शर्टावर.

भिंतीवर माजी कुलगुरूंच्या तसबिरींची ओळ होती. वर्धापनदिनाला त्यांतल्या गेलेल्यांना हार घालायचा आणि हयात असलेल्यांना खाली खुर्चीवर बसवून गुलाबाचं फूल द्यायचं, ही विद्यापीठाची जुनी रीत. विजयसिंह दरवर्षी फूल घ्यायचे आणि घरी येऊन बायकोच्या हातात ठेवायचे. यंदा ते घ्यायला बाई आल्या होत्या.

"माफ करा, वहिनी. निवृत्त प्राध्यापकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, त्यावर काल कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. मग सगळ्यांनीच हात जोडले."

"सगळ्यांनी?"

गणपतरावांनी शर्टावरचा डाग पुसायला घेतला. "मीपण," ते म्हणाले.

बाईंना राग यायला हवा होता. निदान रडू तरी. काहीच आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून बसून त्यांचं आतलं सगळं तिथल्या फरशीसारखं झालं होतं, रोज फिनेलनं पुसलेलं. डॉक्टर सकाळी यायचे आणि तेच विचारायचे, "काकू, मेंदू आता परत येणार नाही. यंत्रावर ठेवायचं की घरी न्यायचं?" घरी नेल्यावर काय होणार हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि बाईंनाही. मुलगी, क्रांती, म्हणायची, "आई, तू म्हणशील ते." आणि बाई म्हणायच्या, "उद्या बघू." आजही तेवढंच म्हणून त्या निघाल्या होत्या.

"म्या म्हनलतो, वहिनीसाहेब, आधी दवाखान्यात इचारा," शिपाई नबीलाल हळूच म्हणाला. "पन माझं कोन ऐकतंय? वरनं सांगितलं, घाल. घातला." आणि तो स्टूल आणायला गेला.

तोवर करायचं काय, म्हणून बाई तसबिरी बघत राहिल्या. यातल्या सगळ्यांना त्या ओळखत होत्या. काहींना तर त्यांच्या बायकांकडून, म्हणजे जरा जास्तच. पहिले ते फेटेवाले. नुसत्या माळावर विद्यापीठ उभं केलं, पण जायची वेळ आली तसे आजारी पडले. मुदतवाढीचा कागद आला आणि ठणठणीत झाले. त्यांच्या शेजारच्यांनी झाडावरचे आंबे उतरेपर्यंत बंगला सोडला नव्हता. मग ते जाड भुवयांचे. त्यांचं शेवटचं वर्ष मुंबईच्या फेऱ्यांतच गेलं, मुदतवाढीसाठीच. एकांना पोरांनी घेराव घालून उठवलं होतं. तसबिरीत मात्र सगळे सारखे. अंगात झगा आणि नजर लांब कुठंतरी.

विजयसिंहांना मुदतवाढ घरबसल्या चालून आली होती. मुंबईहून फोन आला तेव्हा बाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. "नको," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. शेवटच्या दिवशी टेबलावर किल्ल्या ठेवल्या, गाडीला नको म्हणाले आणि केएमटीच्या बसनं कसबा बावड्याच्या घरी आले. बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. बंगल्यात बाईंनी लावलेले गुलाब नुकते कुठं फुलायला लागले होते.

"अजून वर्षभर बसला असता, तर काय खुर्ची चावत होती?" शेवटी न राहवून त्यांनी विचारलं होतं.

"चावत नाही, तेच वाईट," ते म्हणाले होते. "उठायचं कळतच नाही माणसाला. कुणी उठा म्हणायच्या आत उठलेलं बरं, संयोगिता."

नबीलालनं स्टूल टेकवलं. वर चढून हाराला हात घातला. "काढतो हां, वहिनीसाहेब."

"थांबा."

नबीलाल थांबला. हार एका बाजूला सरकून विजयसिंहांच्या चष्म्यावर आला होता. बाईंनी मान तिरकी करून नीट बघितलं.

"काढू नका. नुसता सरळ करा. चष्म्यावर आलाय."

"अवो पन, सायेब अजून हाईत की!"

गणपतराव धावत जाऊन टेबलावरचं गुलाबाचं फूल घेऊन आले. "वहिनी, हे सरांचं. सर आहेत आपल्यात. तुम्ही असं मनावर..."

"द्या," बाईंनी फूल घेतलं. "हे दरवर्षी माझंच असतं."

मग त्यांनी पर्समधून फोन काढला. "क्रांती? डॉक्टरांना सांग, घरी नेतोय. आज. हो, आजच. आणि बाहेरच्या खोलीतला पलंग खिडकीपाशी ओढून घे. गेटमधनं कोण आत आलं, ते बघायला लागतं त्यांना."

फोन पर्समध्ये गेला. नबीलाल स्टुलावरच उभा होता, हाराचं टोक चिमटीत धरून.

"मुदतवाढ त्यांनी कधी मागितली नव्हती, गणपतराव," बाई म्हणाल्या. "मीच देत बसले होते."