रेषेवर बसलेले ठिपके

धातूची पट्टी किती ताणाला तुटेल, हे सांगणारं प्राध्यापकबाईंचं समीकरण पट्ट्यांनी गेली वीस वर्षं कधी मनावर घेतलं नव्हतं. आज मात्र विद्यार्थिनीने आणलेल्या आलेखात झाडून सगळे ठिपके शहाण्यासारखे रेषेवर बसले होते. इतका गुणी आलेख बाईंनी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिला होता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"मला खूश करायला आकडे कुठे कुठे वाकवलेस, ते आत्ताच सांग."

"एकही नाही मॅडम, आईशप्पथ!" पोरगी रडकुंडीला आली.

तरी बाईंनी तिचा प्रबंध अडवून ठेवला आणि त्याच धातूच्या नव्या पट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या आपल्या जुन्या हाडवैऱ्याकडे धाडल्या. बाईंना खोटं पाडायला तो कायम टपलेला असायचा, त्यामुळे तो काही त्यांची भलामण करणार नव्हता.

आठवड्याने त्याचा फोन आला. आवाज चांगलाच तापलेला होता.



"सगळ्या पट्ट्या तुमच्याच आकड्यांवर तुटल्या. आता मुकाट्याने सांगा, माझ्या कोणत्या विद्यार्थ्याला फितवलंत?"